मदत हवी आहे : मोंटानातल्या जुन्या रँचवरचं लोणी

1910च्या सुमारास अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात गुरांच्या रँचवर (गुरं पाळायच्या मोठ्या कुरणावर) वाढलेल्या मुलीवर एक शालेय नाटिका लिहितोय. घोडा, वासरं, कुंपण जमलं. अडलंय ते लोण्यापाशी, जे बहुधा घरच्या बायका-मुलींकडेच असायचं.

एवढं पक्कं आहे : धारोष्ण दूध हातसेपरेटरमध्ये (दुधातून मलई वेगळी काढणारं हाताने फिरवायचं यंत्र) ओतायचं, हँडलचे मिनिटाला साधारण 60 फेरे. वेग पडला की मलई दुधातच राहते. आतल्या तबकड्या लगेच धुवायच्या, नाहीतर पुढची मलईही नासते. मग ती किंचित आंबवून 15 ते 17 अंश सेल्सिअसवर घुसळायची. जास्त गरम असेल तर लोणी लिबलिबीत होतं, ताक सुटत नाही. फार गार असेल तर तासभर घुसळूनही कण धरत नाहीत. हिवाळ्यात हाच त्रास, त्यात गाय आटत आलेली असली तर विचारूच नका. सुक्या गवतामुळे लोणी फिकं, म्हणून गाजराचा रस घालत. (दुकानदाराला पिवळंच हवं, त्याच्या बदल्यात साखर, कापड मिळे.)

थर्मामीटर नसताना मलई घुसळण्याजोगी झाली हे कसं ओळखत? घुसळायचं पिंप आधी गरम पाण्याने विसळणं पुरेसं होतं का? आणि पौंडाला मीठ किती? दुग्धव्यवसायातल्यांनी सांगावं.