पाडण्याआधी जुना दवाखाना आतून बघितला, तर चुकलं कुठं?

कृष्णाकाठ
मिरजेत घाटाकडच्या रस्त्याला एक दवाखाना कैक वर्षं बंद आहे. नाव लिहीत नाही. कुंपणाच्या पत्र्यावर आता नव्या संकुलाचा फलक लागलाय. गेल्या रविवारी मागच्या पडक्या भिंतीवरून आत गेलो, तीन तास फिरलो, फोटो काढले आणि इथं टाकले. घरी कळल्यावर वडील खूप रागावले. मला मात्र अजून वाटतं की जायलाच हवं होतं.

वरच्या मजल्यावर क्षयरोग्यांचा जुना वॉर्ड आहे. उंच छत, समोरासमोर खिडक्या, छताखाली झरोके आणि बाहेर खाट मावेल एवढा रुंद व्हरांडा. औषध नव्हतं त्या काळात मोकळी हवा, ऊन, दूध-अंडी आणि विश्रांती हाच उपचार होता. क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं, दुसरं, आयसोनियाझिड, १९५२ मध्ये आलं. मग १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासात दिसलं की घरी राहून औषध घेणारा रुग्णही सॅनेटोरियममधल्या, म्हणजे क्षयरोग्यांच्या आरोग्यधामातल्या, रुग्णाइतकाच बरा होतो. असे वॉर्ड पुढे ओस पडले ते त्यामुळे. हे सगळं आधी वाचलं होतं, पण त्या व्हरांड्यात उभा राहिलो तेव्हा खरं कळलं.

वॉनलेस साहेबांनी १८९४ मध्ये मिशनचा दवाखाना काढला तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. इथं दवाखाना पाडायचा तर आधी मापं आणि फोटो तरी निघायला नकोत?

एक कोडं राहिलं. व्हरांड्याच्या खांबांना वर आणि खाली लोखंडी कड्या आहेत. कशासाठी असतील?

भिंतीपलीकडचा
मी त्या भिंतीला लागून राहतो. तुम्ही फोटो काढून घरी जाता, त्यानंतर तुमचे फोटो बघून पोरं येतात. रात्री बाटल्या फुटतात, घोणस निघते, पाण्याच्या टाकीला झाकण नाही. २०१९ च्या पुरात कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ ची. त्या पाण्यात या इमारतीचा तळमजला कित्येक दिवस बुडून होता. भिंतीला अजून ओल आहे. जिना खाली आला तर तुम्हाला बाहेर काढायला आमचीच माणसं आत जाणार. लवकर पाडा म्हणून आम्ही दोनदा अर्ज दिलेत. इतिहास वगैरे ठीक आहे, पण त्याची किंमत आमच्या गल्लीनं का मोजायची?

माधवनगरकर
शिवाय तिथं एक्स-रे मशीन पडलं असेल. त्याचं रेडिएशन वर्षानुवर्षं राहतं. जाऊच नये.

डार्करूम
दादा, हे बरोबर नाही. २६ वर्षं एक्स-रे काढले म्हणून सांगतो. वीज नसली की एक्स-रे मशीन म्हणजे नुसतं लोखंड. भीती असते ती कॅन्सरच्या उपचाराला वापरतात त्या किरणोत्सारी स्रोताची. ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ मध्ये ओसाड उपचार केंद्रातून असा सीझियमचा स्रोत भंगारात गेला, चार माणसं मेली. दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात २०१० मध्ये कोबाल्ट-६० निघालं, ते विद्यापीठातल्या जुन्या उपकरणातलं. एक कामगार गेला. दोन्हीकडं आत फिरायला गेलेल्यांमुळे नाही, तर मालकानं वस्तूची नीट विल्हेवाट लावली नाही म्हणून माणसं मेली. म्हणून मी कृष्णाकाठच्या बाजूचा आहे. बंद दवाखान्यात काय पडलंय हे पाडण्याआधी कुणीतरी बघितलंच पाहिजे. फक्त ते भिंतीवरून उडी मारून नको, मालकाची परवानगी घेऊन आणि हातात यादी घेऊन.

सिस्टर_मिरज
मी १९७६ ला तिथं नोकरीला लागले. फोटो पाहिले. सातव्या फोटोत जमिनीवर केसपेपर पसरलेत. मोठा करून बघितला तर बाईचं नाव, गाव, आजार सगळं वाचता येतं. त्या काळी टीबी झाला हे सासरी कळू नये म्हणून बायका आमच्यापुढे हात जोडायच्या. ते नाव आज तुम्ही चारशे लोकांना दाखवलंत. इमारतीचा अभ्यास करा, पण ती बाई काही इमारत नव्हे. ते कागद तिथं सोडून जाणाऱ्यांचीही चूक आहेच, पण म्हणून तुमची माफ होत नाही.

कृष्णाकाठ
सिस्टर, सातवा फोटो आत्ता इथून काढून टाकला. अकराव्यातही एक नाव दिसत होतं, तोही काढून टाकला. माझं लक्षच गेलं नाही, क्षमा करा.

भिंतीपलीकडचे दादा, वाटेचा फोटोही काढून टाकतो, कुठून चढायचं ते त्यावरून कळत होतं. बाकीचे मात्र ठेवणार. परवानगीसाठी मी मालकाच्या ऑफिसात तीनदा गेलो होतो, गेटवरूनच परत पाठवलं. परवानगी मिळेपर्यंत थांबलो असतो तर त्या व्हरांड्याचा एकही फोटो उरला नसता.

भिंतीपलीकडचा
फोटो काढून टाकलेत, बरं केलंत. तरी तुम्ही आत जायला नको होतं, हे माझं मत कायम आहे.

सिस्टर_मिरज
कड्यांचं सांगते. रुग्ण रात्रीही व्हरांड्यातच झोपायचे, पावसाळ्यातसुद्धा. झड आत येऊ नये म्हणून बांबूच्या ताट्या त्या कड्यांना दोरीनं बांधायचे. मी लागले तेव्हा ताट्या गेल्या होत्या, पण जुन्या आयाबाई सांगायच्या की वारा सुटला की रात्रभर गाठी आवळत फिरावं लागे. हे तुम्हाला भिंत चढून कळलं नसतं. आमच्यातल्या अजून तिघीजणी मिरजेतच आहेत.

कृष्णाकाठ
सिस्टर, रविवारी वही घेऊन येऊ का?

सिस्टर_मिरज
चारनंतर या. फोटो मोठे छापून आणा, आम्हाला बारीक दिसत नाही.