धडकेनंतर किट कार: वाकलेली चेसिस सांधायची की सोडून द्यायची?

चार_हिवाळे (कॉव्हेंट्री)

गेल्या महिन्यात घराजवळच्या राउंडअबाउटवर माझ्या गाडीला धडक बसली. मी गोलावर होतो, डावीकडून आत शिरणाऱ्याने थांबायला हवं होतं, तो थांबला नाही. वेग फार नव्हता. मला खरचटलंसुद्धा नाही. पण डावं पुढचं चाक आत दाबलं गेलं, दोन्ही विशबोन, म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणारे आडवे हात, वाकल्या आणि फायबरच्या नाकाचे तुकडे रस्ताभर झाले. ते मी पिशवीत गोळा करून आणलेत.

ज्यांना किट कार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चेसिस, बॉडी आणि बाकीचं सामान विकत घ्यायचं, इंजिन-गिअरबॉक्स जुन्या गाडीतून काढायचं आणि घरच्या गॅरेजात गाडी उभी करायची. १९५७ च्या लोटस सेव्हनमुळे इंग्लंडात हे फोफावलं. तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांवर नाही, म्हणून लोक घरी जोडायचे. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत गेली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. माझी गाडी त्याच घडणीची, पण एका छोट्या वर्कशॉपची. इंजिन फोर्ड सिएराचं, दोन लिटरचं पिंटो. चार हिवाळे लागले जोडायला. आयव्हीए, म्हणजे अशा एकेकट्या गाड्यांची सरकारी तपासणी, दुसऱ्या खेपेला पास झाली.

विम्याच्या माणसाने तिला टोटल लॉस ठरवून कॅटेगरी एस लावली. ऑक्टोबर २०१७ पासून इथे ही वर्गवारी आहे: एस म्हणजे सांगाड्याला मार, पण दुरुस्त होण्याजोगी, एन म्हणजे सांगाडा शाबूत. मोडीच्या भावात गाडी परत घेता येते आणि मी ती घेतली.

चेसिस आहे २५ मिलिमीटरच्या चौकोनी पोलादी पाइपांची, भिंत १.६ मिलिमीटर. डावीकडची खालची पाइप बाहेर फुगली आहे, तिच्यावरची तिरकी पाइप मुरडली आहे. नवी चेसिस मिळणार नाही, कारण ते वर्कशॉप बंद झालं. माझं मत स्वच्छ आहे: दोन पाइपा कापायच्या, नव्या घालायच्या, गाडी रस्त्यावर आणायची. ज्या गाडीचा प्रत्येक बोल्ट मी आवळला, ती मी दुरुस्त करू शकत नसेन तर मग ती बांधली तरी कशी? तुमचं मत सांगा, विरोधी असलं तरी.

जुना_सर्व्हेअर (पुणे)

विरोधीच आहे. मोटार विम्याच्या सर्व्हेमध्ये माझं आयुष्य गेलं, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

तुम्ही दोन पाइपा मोजल्या, कारण त्या डोळ्यांना दिसल्या. अशा चौकटीत प्रत्येक पाइप सरळ असते आणि एक तर ओढ घेते, नाहीतर दाब. दाब घेणारी पाइप अगदी थोडी बाकदार झाली तरी तिची ताकद झपाट्याने उतरते. बांबू सरळ उभा धरून वरून दाबा आणि तोच आधी जरा वाकवून दाबा, फरक हाताला कळेल. धक्का विशबोनच्या ब्रॅकेटमधून पहिल्या सांध्यात गेला, तिथून पुढच्या सांध्यात, तिथून फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या आडव्या भिंतीला. कुठे थांबला हे तुम्हाला माहीत आहे का? ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट करून झाकलेल्या चौकटीत ते बाहेरून कळत नाही.

दुसरं. गाडी तुमची असली तरी रस्ता सगळ्यांचा आहे. मोटारवेवर ब्रॅकेट सुटलं तर मागच्या गाडीतल्या माणसाने तुमचा छंद का भोगावा? दुसऱ्या कारागिराकडून त्याच मापाची चेसिस बनवून घ्या आणि बाकी सामान तिच्यावर चढवा.

उद्यमनगरकर (कोल्हापूर)

सर्व्हेअरसाहेब, आदर राखून सांगतो, हे पटत नाही. आमच्या उद्यमनगरात माझ्या वडिलांनी हयातभर ट्रॉल्या आणि ट्रकच्या चेसिस सरळ केल्या. लोखंड ही दुरुस्त होणारी चीज आहे. पत्र्याची मोनोकॉक बॉडी, म्हणजे जिथे बॉडी हाच सांगाडा असतो ती, चुरगळली तर तुमचं म्हणणं मान्य, पण पाइपची चौकट बनवतानाच तुकड्या-तुकड्याने बनते. एक तुकडा बिघडला तर तो बदलायचा, यात अघोरी काय आहे?

भावा, तुला मात्र एक गोष्ट कळकळीने सांगतो. ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी जिग बनव. जाड चॅनेलचा टेबल कर, लेव्हल कर आणि चेसिस त्याला चारी बाजूंनी बांध. तसं न करता पाइप कापलीस तर आत अडकलेला ताण सुटतो, चौकट उडी मारते आणि मग माप कधी जमत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय: ट्रॉलीची पाइप कापली आणि करवतीची फट बोटभर झाली. वडील काही बोलले नाहीत, फक्त माझ्या हातातला ग्राइंडर काढून घेतला.

दुसरं, पाइप सांध्यापासून सांध्यापर्यंत बदलू नको. एका सांध्यावर चार-पाच पाइपा येतात, तो पुन्हा तापवलास की बाकीच्याही ओढल्या जातात. मधे काप, आतून घट्ट बसणारी स्लीव्ह घाल, भोकं पाडून प्लग वेल्ड कर, मग कडेने वेल्डिंगचा पूर्ण टाका फिरव.

जुना_सर्व्हेअर (पुणे)

स्लीव्हला माझा विरोध आहे. स्लीव्ह जिथे संपते तिथे पाइप एकदम मऊ पडते आणि पुढचा बाक तिथेच येतो. करायचंच असेल तर सांध्यापासून सांध्यापर्यंत अखंड पाइप हवी. शिवाय इथल्या ट्रॉलीचं उदाहरण तिथे चालणार नाही. इंग्लंडात दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची तपासणी, होते. सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि सीटबेल्ट जिथे बसतात त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आतला भाग ते बारकाईने पाहतात.

उद्यमनगरकर (कोल्हापूर)

पाहू देत की. टाका पक्का असेल तर पाहणाऱ्याला कशाला घाबरायचं?

मीनल_लेस्टर

तुम्ही दोघे पाइपवरच बोलताय, म्हणून मी वेगळं विचारते. धडक डावीकडे बसली. इथे ड्रायव्हर उजवीकडे असतो. म्हणजे वाकलेली पाइप शेजारी बसणाऱ्याच्या पायापाशी आहे. त्या सीटवर कोण बसतं, दादा?

माझ्या नवऱ्याचीही अशीच गाडी आहे, म्हणून मला तिची माया कळते. रविवारी सकाळी ती सुरू झाली की आमची अख्खी गल्ली खिडकीत येते. पण या गाडीत एअरबॅग नाही, दार म्हणजे नुसतं कापड आणि पुढे चुरगळायला फायबरचं नाक. माणसाला वाचवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे चौकट. तीच सांधलेली असेल तर मी माझ्या मुलाला तिथे बसवणार नाही, वेल्डिंग कितीही सुबक दिसो.

आणि हार्नेस! त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. धडकेत पट्टा एकदा ताणला गेला की तो बदलायचाच. धुऊन-पुसून परत लावू नका.

देवराष्ट्रे_शेजारी (सांगली)

थोडं विषय सोडून आहे, पण राहवत नाही. आमच्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि २०२२ मध्ये त्या जीपच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. नियमात न बसणारी गाडी आज ना उद्या रस्त्यावरून काढावी लागेल, असं तेव्हाच महिंद्रांनी लिहिलं होतं. आपल्याकडे घरी जोडलेल्या गाडीला रस्त्यावर आणायची सोपी वाटच नाही. तिथे आयव्हीए आहे, एमओटी आहे, कागद मिळतात. ज्या देशात हाताने बांधलेल्या गाडीला नंबर मिळतो तिथे ती मोडीत काढू नका, एवढंच म्हणणं.

चार_हिवाळे (कॉव्हेंट्री)

सगळ्यांचे आभार. मीनलताई, त्या सीटवर माझी मुलगी बसते. नऊ वर्षांची आहे. तुमचं वाक्य वाचून मी त्या रात्री गॅरेजात गेलोच नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो आणि सर्व्हेअरसाहेब म्हणाले ते आधी केलं. डावीकडचे सगळे रिव्हेट ड्रिलने काढले, पत्रे उतरवले. खालच्या पाइपच्या मागच्या सांध्यावर पावडर कोटिंगला केसासारखी चीर दिसली. बाहेरून ती दिसणं शक्य नव्हतं. रंग खरवडून बघितलं, खालचा टाका शाबूत होता, पण रंग तडकला म्हणजे धातू हलला होता. तुम्ही बरोबर होतात. माझ्या दोन पाइपांच्या तीन झाल्या.

मग माप. चार कोपऱ्यांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा केल्या आणि दोन्ही कर्ण मोजले. पुढच्या खणात फरक १४ मिलिमीटर. फायरवॉलपासून मागच्या एक्सलपर्यंतच्या खणात १ मिलिमीटर, तेवढा नव्या चेसिसमध्येही असेल. तीनदा मोजलं, एकदा बायकोला टेप धरायला लावून. म्हणजे धक्का फायरवॉलपाशी थांबला.

म्हणून ठरवलंय ते असं: जिग बनवणार, उद्यमनगरकर म्हणतात तशी. पाइपा मात्र सांध्यापासून सांध्यापर्यंत अखंड घालणार. त्या भागात स्लीव्ह नको वाटते. टाके मी मारणार नाही. माझं मिग वेल्डिंग ठीकठाक आहे, पण सुरुवातीचा टाका थंड बसतो, धातूत नीट मुरत नाही, हे मला माहीत आहे. इथे जवळच रेसिंग गाड्यांच्या चौकटी टिगने, म्हणजे जास्त नाजूक वेल्डिंगने, जोडणारा एक म्हातारा कारागीर आहे, चेसिस जिगसकट ट्रेलरवर त्याच्याकडे नेईन. विशबोन चारही नव्या, वाकलेली एकही सरळ करणार नाही. स्टिअरिंग रॅक आणि डावा अपराइट, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो उभा भाग, बदलणार, हार्नेस दोन्ही नवे.

जुना_सर्व्हेअर (पुणे)

मोजमाप पाहून निम्मा विरोध मागे घेतो. उरलेला निम्मा कायम आहे. टिग करणाऱ्याला सांगा की समोरासमोर आळीपाळीने आणि तोकडे टाके मारायचे, मध्ये गार होऊ द्यायचं. काम झाल्यावर त्या सांध्यांची डाय-पेनिट्रंट तपासणी करून घ्या. खर्च थोडा आहे, चीर असेल तर लाल रेघ उमटते. आणि विकताना एसचा शिक्का आणि हे फोटो दोन्ही घेणाऱ्याला दाखवा.

उद्यमनगरकर (कोल्हापूर)

स्लीव्हवर माझं मत तेच आहे, भावा, पण कारागीर समोर असेल तर त्याचं ऐक. जिगवरून उतरवल्यावर कर्ण परत मोज. बांधलेली असताना माप बरोबरच येतं, सोडल्यावर काय येतं ते खरं.

मीनल_लेस्टर

मापं पटली. तरी माझं मन पालटलेलं नाही. गाडी तुमची आहे, दुरुस्त करा, जरूर चालवा. पण पहिलं वर्षभर, पुढची एमओटी होईपर्यंत, डावी सीट रिकामी ठेवाल का?

चार_हिवाळे (कॉव्हेंट्री)

हो. सीट सध्या काढूनच ठेवली आहे. मुलीला सांगितलंय, ती रागावली आहे. बदलायच्या पाइपांवर चुन्याने नंबर घालायचं काम तिला दिलंय. आतापर्यंत १ ते ३ झालेत. चौथी नाही यावर तिचा विश्वास नाही, ती टॉर्च घेऊन अजून शोधतेय.