बंद का पडलं? मेंटेनन्सवाल्यांचे अनुभव

मशीन बंद पडलं, मेंटेनन्सवाले आले, चालू करून गेले. बाहेरच्यांना आपलं काम एवढंच दिसतं. ते का बंद पडलं, हे शोधायला लाईन उभी असताना कोणी वेळ देत नाही आणि लाईन सुरू झाली की कोणाला त्याची गरज वाटत नाही. मला आपल्या कामातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. तुम्ही कारण कसं शोधलंत, कोणाकडून शिकलात, कशासाठी अडून बसलात, ते सविस्तर लिहा. कंपनीचं नाव नको. सुरुवात मी करतो.

कूलिंग वॉटरच्या एका पंपाचं कपलिंगकडचं (मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणाऱ्या भागाकडचं) बेअरिंग सारखं जायचं. मी रुजू झालो तेव्हा सगळ्यांनी बेअरिंग बनवणाऱ्यांना दोष देऊन विषय संपवला होता. व्हायब्रेशनच्या आलेखात मात्र मोटरच्या फेऱ्यांच्या दुप्पट वारंवारितेवर ठळक टोक होतं, म्हणजे संशय अलाइनमेंटवर, दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत का यावर. पण अलाइनमेंट तर दर वेळी करून दिलेली. मग कपलिंगवर डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) लावून डिस्चार्ज फ्लँजचे, म्हणजे पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपच्या जोडाचे, बोल्ट एकेक करून सैल केले. काटा ०.०५ मिमीच्या आत राहायला हवा. तो सरकतच गेला. पाइपचा सपोर्ट गंजून खाली बसला होता आणि सगळं वजन पंपाच्या बॉडीवर आलं होतं. सपोर्ट नवा केला, फ्लँज ताण न देता जुळवून घेतला आणि ते बेअरिंग टिकलं. आमच्या फिटरकाकांना हे आधीपासून वाटत होतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

*

फिटरकाकांवरून आठवलं. एक व्ही-बेल्ट तुटला तरी आमचे काका पूर्ण सेट बदलायला लावत. जुने बेल्ट ताणलेले असतात, त्यामुळे सगळा भार एकट्या नव्या बेल्टवर येतो. पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज आला की ते पंप न खोलता आधी सक्शनचा स्ट्रेनर (पाणी आत येण्याच्या बाजूची जाळी) बघायचे. बहुतेकदा चोक तिथेच सापडायचा.

*

मी हायड्रॉलिक प्रेसवर आहे. दहा मिनिटांचं काम, टाळा कशाला लावता, हे वाक्य प्रत्येक शिफ्टला ऐकतो. पंप बंद केला, मेन स्विचला टाळा लावला, तरी अॅक्युम्युलेटरमध्ये (दाब साठवणाऱ्या भांड्यात) नायट्रोजनने दाबलेलं तेल असतंच. ते टाकीत सोडून गेज शून्यावर आल्याशिवाय मी एकही होज (नळी) उघडू देत नाही. रॅम (प्रेसचा वरून दाबणारा भाग) वर थांबला असेल तर खाली सेफ्टी ब्लॉक लावल्याशिवाय कोणी आत हात घालायचा नाही. आणि लीक हाताने चाचपायचं तर कधीच नाही, पुठ्ठा फिरवून बघायचं. बारीक छिद्रातून सुटलेलं तेल कातडीत घुसतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हातही जाऊ शकतो. नव्या मुलांना मी हे पहिल्याच दिवशी सांगतो. प्रॉडक्शनवाल्यांचा राग परवडतो.

*

मी रुजू झाले तेव्हा शॉप फ्लोअरवर न पाठवता मला ब्रेकडाऊनचं रजिस्टर भरायला बसवलं. मी ते मागच्या पानांपासून वाचून काढलं. ब्लोअरची बेअरिंगं ग्रीसिंगच्या फेरीनंतर थोड्याच दिवसांत तापत होती. तापलं की ग्रीस कमी पडलं समजून आणखी भरत. खरं तर ग्रीस ठासून भरलं की ते आतल्या आत घुसळत राहतं आणि त्यानेच उष्णता वाढते. वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगच्या हाउसिंगमधली मोकळी जागा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी भरली तरी पुरते. शिवाय ग्रीस भरायच्या दोन गन, दोन जातींची ग्रीस. ती न जुळणारी असतील तर मिसळल्यावर पातळ होऊन वाहून जातात. प्रत्येक पॉइंटला ग्रीस मोजून ठरवलं आणि गनवर रंगाच्या पट्ट्या लावल्या. त्यानंतर फिटर स्वतःहून सांगायला येऊ लागले, 'मॅडम, याचा आवाज बदललाय, बघता का?'

*

माझा वाद उलटा होता. शटडाऊनच्या, म्हणजे कारखाना थांबवून करायच्या कामांच्या, यादीत एक चांगला चालणारा गिअरबॉक्स उघडायला घेतला होता, का तर 'वय झालं'. १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी विमानांच्या भागांवरचा अहवाल दिला. वय वाढलं की बिघाड वाढतो, हे फक्त ११ टक्के भागांना लागू पडत होतं. बऱ्याच भागांत बिघाडाची शक्यता नवं बसवल्यावरच जास्त होती. विमानाचे आकडे कारखान्याला जसेच्या तसे लागू नाहीत, पण धडधाकट मशीन उघडणं हीसुद्धा जोखीम आहे, एवढं मला मीटिंगमध्ये पटवायचं होतं. तेलाच्या नमुन्यात लोखंडाचं प्रमाण वाढलेलं नव्हतं, तापमान स्थिर होतं. दोन्ही ट्रेंड समोर ठेवले आणि गिअरबॉक्स यादीतून काढला. त्या कामाची माणसं कन्व्हेयरच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे साखळीच्या दातेरी चाकावर, लावली. तिथे दात खरोखरच झिजून हुकासारखे वाकले होते.