रात्रीची केमिस्ट्री म्हणजे हौस?

रातराणी:
काल निवृत्त_मास्तर यांनी लिहिलं की आठवड्यातून एकदा रात्री तीन तास बसून केमिस्ट्री येत नाही, ती नोकरदारांची आणि गृहिणींची हौस आहे. त्या 'हौस' शब्दाने माझी झोप उडाली, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सांगलीची बी.कॉम. लग्नानंतर कॅलिफोर्नियात आले आणि अडतिसाव्या वर्षी नर्सिंगला जायचं ठरवलं. त्याच्या प्रवेशाआधी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी हवं, आणि आमच्या कॉलेजात त्याही आधी केमिस्ट्री. मुलगा चार वर्षांचा, नवरा सहाला घरी येणार. कम्युनिटी कॉलेजातला मंगळवारचा साडेसहा ते साडेनऊचा वर्ग, एवढाच मला जमणारा होता. लॅब शनिवारी सकाळी. इथल्या रहिवाशांना युनिटला (अभ्यासक्रमाचा भार मोजायचं माप) ४६ डॉलर, चार युनिटचे १८४. दिवसाच्या वर्गाला गेले असते तर पाळणाघरालाच त्याच्या कितीतरी पट मोजावे लागले असते. यात हौस कुठे दिसली तुम्हाला?

आणि येत नाही म्हणता? पहिल्या टायट्रेशनला (आम्लात थेंबथेंब अल्कली सोडायचा, रंग नुकता फिकट गुलाबी झाला की थांबायचं आणि आम्लाचं प्रमाण काढायचं, तो प्रयोग) दोनदा माझा फ्लास्क गडद गुलाबी होऊन वाया गेला. तिसऱ्यांदा ब्युरेटच्या (तोटी असलेल्या मापाच्या नळीच्या) टोकाला अर्धा थेंब लोंबकळत ठेवला, फ्लास्कच्या काचेला टेकवला आणि पाण्याने खाली धुऊन घेतला. फिनॉल्फ्थॅलीनचा (रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या द्रव्याचा) रंग इतका फिकट आला की खाली पांढरा कागद होता म्हणून दिसला. पण टिकला. तो अर्धा थेंब माझ्या हाताला आला आहे, तो आता जाणार नाही.

निवृत्त_मास्तर:
तळमळ पोचली. पण मी ३१ वर्षं हा विषय शिकवलाय. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सर्वांत वेगाने विसरतं ते पहिल्या एक-दोन दिवसांत. तुमचा पुढचा तास सातव्या दिवशी! मोल (कणांच्या संख्येवरून पदार्थ मोजायचं एकक) पक्का नाही तर स्टॉइकिओमेट्री (अभिक्रियेत कशाला किती लागेल त्याचा हिशेब) नाही, ती नाही तर टायट्रेशनचं गणित नाही. इतिहासात एक प्रकरण बुडलं तरी पुढचं वाचता येतं, इथे जिना आहे. शिवाय तुमची लॅब शनिवारी, म्हणजे आठवड्यातून एकदा नव्हेच. माझाच मुद्दा तुम्ही सिद्ध केलात.

तारापूरकर:
मास्तर, रात्री डोकं चालत नाही म्हणता, मग आमच्या रिअ‍ॅक्टरवर (रसायनं बनतात त्या टाकीवर) रात्रपाळीला कोण असतं? मी बावीस वर्षं केमिकल कंपनीत काढली. पहाटे तीनला तापमान चढायला लागलं की जे कळतं ते दुपारच्या वर्गात कळत नाही.

आणि एवढा मोठा शास्त्रज्ञ फॅरडे कोण होता? बुकबाइंडरकडचा शिकाऊ पोरगा. १८१० पासून लंडनमध्ये टेटम नावाच्या विज्ञानाच्या व्याख्यात्याच्या संध्याकाळच्या व्याख्यानांना जायचा. एका व्याख्यानाला एक शिलिंग, तोही भावाने दिलेला.

निवृत्त_मास्तर:
रात्री डोकं चालत नाही असं मी कुठेही लिहिलेलं नाही, नीट वाचा. सात दिवसांच्या खंडाबद्दल लिहिलंय. आणि फॅरडे १८१३ मध्ये डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली प्रयोगशाळेत लागला, त्यानंतर विज्ञान हेच त्याचं रोजचं काम होतं. ते का सोडलंत?

नत्रवायू:
रात्र-दिवस सोडा, खरा अडसर भाषेचा आहे. दहावीपर्यंत संयुजा, क्षपण, समस्थानिक. अकरावीला एका सुट्टीत त्याचं व्हॅलन्सी, रिडक्शन, आयसोटोप. त्यात आमच्या क्लासचे सर हिंदीत शिकवायचे. हिंदीत रेणूला अणु म्हणतात आणि आपल्या अणूला परमाणु. मी वर्षभर पाण्याचा 'अणु' ऐकत होतो! बारावीला ४१ टक्के.

तारापूरकर:
मग सेमी-इंग्रजी घ्यायचं होतं. माझ्या दोन्ही मुली घेऊन पुढे गेल्या.

नत्रवायू:
आमच्या तालुक्यात सेमी-इंग्रजी नव्हतं, साहेब. 'घ्यायचं होतं' म्हणायला तुमचं काय जातं?

निवृत्त_मास्तर:
यावर मी नत्रवायूंच्या बाजूने. मराठी माध्यमातली चुणचुणीत मुलं अकरावीत मागच्या बाकावर गप्प बसलेली मी दरवर्षी पाहिली. 'ऑक्सिडेशन म्हणजे ऑक्सिडीकरणच रे' एवढं सांगितलं की चेहरा उजळायचा. पण तेवढं सांगायला तासात सवड नसायची, हे माझंही पाप.

तारापूरकर:
जगभरची रसायनं इंग्रजी लेबलवर येतात. पिंपावर 'आम्ल' लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही. भावनेने अपघात टळत नाहीत.

नत्रवायू:
पिंप हाताळणाऱ्या कंत्राटी कामगाराला इंग्रजी लेबल वाचता येतं का, ते आधी सांगा. तुमच्याच पट्ट्यातले लोक भाजतात.

तारापूरकर:
हे वैयक्तिक होतंय. माझ्या शिफ्टमध्ये कुणी भाजलेलं नाही. मी प्रत्येकाला मराठीतून सांगायचो.

नत्रवायू:
म्हणजे मराठीतूनच सांगायचात! हेच तर म्हणतोय.

रातराणी:
माझ्या रात्रीच्या वर्गाचं काय झालं?

भाषेचं एकच सांगते. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. वहीत प्रत्येक इंग्रजी शब्दाशेजारी मराठी शब्द लिहायचे आणि 'संयुजा' आठवली की व्हॅलन्सीचा हिशेब आपोआप लागायचा.

आणि मास्तर, एक मान्य करते. सहाव्या मंगळवारी मुलाला ताप होता आणि नेमका लिमिटिंग रीएजंटचा (अभिक्रियेत जो पदार्थ आधी संपतो त्याचा) तास बुडला. दिवसाच्या मुलांचा एक तास बुडला की एकच तास बुडतो, माझा आख्खा आठवडा गेला. शनिवारी लॅबमध्ये वेड्यासारखी उभी होते. शेवटी संकष्टीला उकड २१ पारींची आणि सारण १५ मोदकांचं निघालं, तेव्हा कळलं. सारण संपलं की मोदक संपले, उरलेली उकड कितीही असो. पण तेवढ्यासाठी वर्गच घेऊ नये, हे मला कधीच पटणार नाही. घरी रोज रात्री दहा ते अकरा मी गणितं सोडवायचे. तुमचा एबिंगहाउस तिथे सांभाळला जातो.

निवृत्त_मास्तर:
रोज एक तास करत होतात, हे आधीच लिहायला हवं होतं. मग विषय वेगळा. 'हौस' शब्द मागे घेतो. सात दिवसांचा खंड वाईटच, ते मागे घेत नाही.

नवी_फ्रिमाँटकर:
मी पुढच्या सेमिस्टरला असाच गुरुवार रात्रीचा वर्ग घेतेय. गॉगल तिथे मिळतात की न्यायचे?

रातराणी:
स्वतःचे घ्या, रसायनाचे शिंतोडे अडवणारे, चारी बाजूंनी बंद. बूट पावलं झाकणारे हवेत, केस बांधून. आणि पहिल्याच गुरुवारी शेजारच्या दोघांचे फोन नंबर घेऊन ठेवा. माझा सहावा मंगळवार त्यामुळेच वाचला असता.

निवृत्त_मास्तर:
मोलपाशी अडलात तर इथे लिहा. मराठीत समजावतो.