पहिला आफ्रिकी-अमेरिकी सुपरहिरो नेमका कोणता?

जुना अंक: ब्लॅक पँथर १९६६ मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’ या कॉमिक्स मालिकेतून आला, म्हणून पहिला आफ्रिकी-अमेरिकी सुपरहिरो तोच, असे माझा मित्र ठामपणे सांगतो. हे बरोबर आहे का?

रेघोटी: नाही. मुख्य प्रवाहातील पहिला कृष्णवर्णीय सुपरहिरो म्हणून त्याचे नाव घेतले जाते खरे, पण तो वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाचा राजा आहे. आपण विचारलेला मान सहसा फाल्कनला, म्हणजे १९६९ मध्ये ‘कॅप्टन अमेरिका’ या कॉमिक्सच्या ११७व्या अंकात अवतरलेल्या, न्यूयॉर्कमधील हार्लेम या वस्तीच्या सॅम विल्सनला दिला जातो. ल्यूक केज या आणखी एका कृष्णवर्णीय सुपरहिरोला स्वतःची मालिका मिळाली ती १९७२ मध्ये.

पिवळे पान: १९४७ विसरू नये. फिलाडेल्फियाचे पत्रकार ऑरिन इव्हान्स यांनी काढलेल्या ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’चे लेखक-चित्रकार सगळे कृष्णवर्णीय होते आणि त्यातील लायन मॅन हा अमेरिकी शास्त्रज्ञ गोल्ड कोस्टमधील (आजचा घाना) युरेनियमच्या डोंगराची राखण करतो. दुसऱ्या अंकाची तयारी झाली होती, परंतु छपाईचा कागदच कोणी विकेना, त्यामुळे तो निघालाच नाही. अचाट शक्ती नसलेल्या नायकाला सुपरहिरो म्हणावे का, यावर वाद घालता येईल, मी म्हणेन.

रेघोटी: मान्य. मला मात्र पात्रांच्या मालकीचा मुद्दा अधिक मोलाचा वाटतो. १९९३ मध्ये कृष्णवर्णीय लेखक ड्वेन मॅकडफी आणि सहकाऱ्यांच्या माइलस्टोन या कंपनीचे अंक डीसी या बड्या कॉमिक्स प्रकाशकाने छापून वितरित केले, तरी स्टॅटिक, आयकॉन, हार्डवेअर या पात्रांचे हक्क माइलस्टोननेच राखले होते.