गाशा गुंडाळला, पण गाशा म्हणजे काय?

कुठल्याशा कंपनीने गाशा गुंडाळल्याची बातमी वाचून लेकीने विचारलं, "बाबा, गाशा म्हणजे काय?" मी ठोकून दिलं, अंथरूण. वळकटी गुंडाळतात तसं. मग माझंच मला पटेना. गाशा कुणी अंथरत नाही, धूत नाही, उन्हात घालत नाही. नुसता गुंडाळतात. जाणकारांनी उजेड पाडावा.

*

अंथरूण नव्हे. घोड्याच्या खोगिरावर घालतात ते कापड म्हणजे गाशा. मूळ अरबी 'गाशिया', म्हणजे झाकणारी वस्तू. फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. कुराणातल्या ८८ व्या सूरेचं नाव 'अल-गाशिया' आहे, तो हाच शब्द. तिथे तो सगळ्यांना झाकोळून टाकणाऱ्या कयामतीसाठी येतो. मध्ययुगात पश्चिम आशियातल्या सेल्जुक तुर्क आणि इजिप्तच्या मामलूक सुलतानांच्या स्वारीपुढे सेवक गाशिया हातात धरून चालत. आपल्याकडच्या छत्रचामरासारखं ते राजचिन्ह होतं. एवढ्या मानाच्या वस्तूला मराठीत फक्त गुंडाळून घेणं नशिबी आलं!

*

वरच्या माहितीत माझा एक तर्क. घोडा नुसता उभा असताना खोगिरावर गाशा राहणार, आणि स्वार व्हायचं तर आधी तो काढावा लागणार. म्हणजे गाशा गुंडाळला की स्वारी निघालीच. त्यातही मराठ्यांच्या घोडदळात शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. तेव्हा रुसून गाशा गुंडाळणं शिलेदारालाच शोभायचं. बारगीर बिचारा कुणाचा गाशा गुंडाळणार?

वापराबद्दल मात्र तर्काची गरज नाही. नुसतं निघून जाणं म्हणजे गाशा गुंडाळणं नव्हे. बसलेलं बस्तान मोडून, बहुधा नाइलाजाने जाणं त्यात आहे. १९४७ साली इंग्रजांनी गुंडाळला तो गाशा. आमच्या ऑफिसात एका उत्साही सहकाऱ्याने निरोपसमारंभात "आज साहेब गाशा गुंडाळत आहेत" असं म्हटलं होतं. साहेबांनी नारळ घेतला, पण चेहरा पाहण्यासारखा होता.

*

खोगीर निघालंच आहे तर 'खोगीरभरती'ही घ्या. खोगीर फारसी 'खोयगीर'वरून: खोय म्हणजे घाम, गीर म्हणजे धरणारा. घोड्याच्या पाठीवरचा घाम टिपणारी गादी. तिच्या पोटात चिंध्याचांध्या कोंबत, म्हणून निव्वळ जागा भरायला घातलेला माल ती खोगीरभरती. हल्ली 'भरती' म्हटलं की लोकांना पोलीसभरती आठवते आणि ते कुठल्याही घाऊक नेमणुकीला खोगीरभरती म्हणतात. शंभर लायक माणसं एकदम घेतली तर ती खोगीरभरती नाही हो! उलट पाचच पानांच्या लेखात चार पानं खोगीरभरती असू शकते. निकामी माणसांनी भरलेल्या समितीला मात्र शब्द दोन्ही बाजूंनी लागू पडतो, तिथे माझी हरकत नाही.

*

आभार. लेकीला घोड्यापासून सुलतानापर्यंत सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग चंबूगबाळं आवरतात, त्यातला चंबू कोण?" म्हटलं, कोण नाही, काय. पाण्याचं लहान भांडं. या वेळी ठोकून दिलेलं नाही, आजीचा चंबू अजून माळ्यावर आहे.