विषय: नाशिकच्या फ्लॅटमधलं बेसिन, कपाट काढून पेडेस्टल

नमस्कार मंडळी,

आई-बाबांच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये बेसिनखालचं प्लायवूडचं कपाट पार फुगलंय. दार लागत नाही आणि आत झुरळांचा संसार. आईला आता साधं पेडेस्टल बेसिन, म्हणजे खाली खांब असलेलं, हवंय. प्लंबर म्हणतो, भिंत फोडून सगळं कन्सील करू. व्हिडिओ कॉलवर तो पाइप दाखवतो आणि मी मान डोलावते, कळत काहीच नाही. कपाट गेलं की दोन्ही अँगल कॉक (पाणी बंद करायच्या तोट्या) आणि वेस्ट पाइप उघडे दिसणार. ते सगळं भिंतीत घालायलाच हवं का?

---

ताई,

मी आता नाशिकलाच गंगापूर रोडला असतो, नुकतंच हेच काम करून घेतलं. "सगळं कन्सील" या शब्दाला भुलू नका. भिंतीत फक्त पाइप जातो. अँगल कॉक आणि बॉटल ट्रॅप (वेस्ट पाइपवरचा, वास अडवणारा बाटलीसारखा भाग) हाताला लागलेच पाहिजेत, नाहीतर उद्या वायसर गेला तरी टाइल फोडावी लागेल.

पेडेस्टल मागून पोकळ असतं, त्यामुळे पाइप त्याच्या आड जातात. पण कपाटात जागा ऐसपैस असते, म्हणून कॉक बरेचदा लांब लांब बसवलेले असतात आणि पेडेस्टलच्या दोन्ही बाजूंनी डोकावतात. म्हणून आधी बेसिन आणून घरात ठेवा, मग पाण्याचे पॉइंट सरकवा. प्लंबर उलटं करायला बघतो, कारण त्याला भिंत आज फोडायची असते.

वेस्ट पाइप खाली जमिनीतून नहाणी ट्रॅपला (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याला) जात असेल, तर त्या बाजूला बहुतेक काही फोडावं लागणार नाही. ते भोक पेडेस्टलच्या मागे येतंय का, एवढंच बघा. भिंतीत जात असेल तर बॉटल ट्रॅप लावा.

चर मारायचाच असेल तर उभा मारू द्या. अर्ध्या विटेच्या भिंतीत लांबलचक आडवा चर नको, आणि आरसीसी कॉलमला हात लावू द्यायचा नाही. प्लास्टरआधी टेस्टिंग पंप लावून पाइप दाबाखाली ठेवायला सांगा. त्याच वेळी मोजायची टेप धरून पाइपचे फोटो मागवा. पुढे कोणी टॉवेल रॉडसाठी ड्रिल घेऊन आला की ते उपयोगी पडतात.

आणि हो, कपाटामागे टाइल्स आहेत का ते बघा. खर्च वाचवायला तिथे बरेचदा लावलेल्याच नसतात. जुन्या शेडची टाइल मिळणं कठीण, तेव्हा मुद्दाम वेगळ्या रंगाची पट्टी घेतलेली बरी.

---

काकांच्या मेलला जोडून. बाबा बेसिनवर हात टेकून उभे राहत असतील तर हे नक्की वाचा. पेडेस्टलच बेसिनचं सगळं वजन पेलतं असा समज आहे, पण बेसिन भिंतीला बोल्टनेच पक्कं हवं. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग धरत नाही. आधाराला वेगळा ग्रॅब बार लावा, बेसिनला नव्हे. पुढेमागे स्टुलावर बसून तोंड धुवायची वेळ येणार असेल तर हाफ पेडेस्टल (जमिनीपर्यंत न येणारं) घ्या, गुडघे आत जातात. माझ्या सासूबाईंसाठी आम्ही तेच केलं.

---

दोघांचे आभार. आईचा पहिला प्रश्न, "मग फिनेल आणि ब्रश ठेवू कुठे?" आरशामागे उथळ कपाट करून घेतोय, फिनेल बाल्कनीत. एकच शंका: बाबा चांगलेच उंच आहेत. बेसिन वर घेता येतं का?

---

ताई, फुल पेडेस्टलची उंची कंपनीनेच ठरवलेली असते, बेसिनची कड साधारण ८० ते ८५ सेंटिमीटरवर येते. वर घ्यायचं तर खाली ओटा करावा लागतो आणि मग लादी पुसायला तीच कटकट. हाफ पेडेस्टल भिंतीलाच असतं, हवं तेवढं वर घ्या. बोल्टची भोकं पाडण्याआधी बाबांना तिथे उभं करून पेन्सिलीने खूण करायला सांगा. आणि खूण प्लंबरच्या नव्हे, बाबांच्या कमरेच्या हिशेबाने.